थोडं म्हणजे किती

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर दिल्लीची गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात दोन पेट्या, शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी आणि मी, एवढं सगळं डब्यात चढवायचं होतं. पुलाच्या पायऱ्या उतरताना मोठी पेटी माझ्या हातून निसटली. आईनं ती अडवली आणि तिचं बोट पेटी आणि कठड्याच्या मध्ये चेमटलं. मी विचारलं तर म्हणाली, "थोडंसं लागलं. चाल तू, गाडी येऊन राहिली." आणि हात पदरात लपेटून माझ्या पुढे चालू लागली.

मी खिडकीशी बसल्यावर तिनं शेवटचं सांगून घेतलं. "तिकडे कोणंही इचारलं का बरं हाय म्हणत जाजो. आपलं दुखणं लोकायले सांगू नाही. जे सांगते, तिले लोकं घरी बसवतेत." मी हो म्हटलं. गाडी हलली तेव्हा निरोप द्यायला तिनं पदरातून हात बाहेर काढला, आणि मला दिसलं की पदराचं टोक लाल झालं होतं. माझ्या पर्समध्ये नर्सिंगचं सर्टिफिकेट होतं, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं. पण मी तिचं बोट काही पाहिलं नव्हतं.

याला सहा वर्षं झाली. आज लिहायला बसले आहे ती मागे राहिलेल्यांसाठी आणि सौंसर-पांढुर्ण्याकडच्या त्या पोरींसाठी, ज्या नर्सिंग करून माझ्यासारख्याच बाहेर पडताहेत. तुम्हाला लोक थंडीचं सांगतील, जेवणाचं सांगतील, एकटेपणाचं सांगतील. ते सगळं खरं आहे, आणि ते सगळं निभतं. मी सांगणार आहे ते निभलं नाही.

इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या एका लहान गावात मी केअर होममध्ये लागले. केअर होम म्हणजे म्हाताऱ्यांना सांभाळायचं घर. आपल्याकडे घरात मी मराठी बोलत होते, शाळेत हिंदी शिकले होते, आणि इंग्रजी मला औषधाच्या बाटलीवर असतं तेवढंच येत होतं. पहिल्या आठवड्यात एका आजोबांनी मला काहीतरी विचारलं. मला ते कळलं नाही, म्हणून मी हसून मान हलवली. ते आपली मेलेली बायको कुठे आहे असं विचारत होते. त्यानंतर मी ठरवलं की न कळता मान हलवायची नाही. ठरवणं सोपं असतं, म्हणा.

माझ्यासोबत घरात एमिने राहायची. एमिने तुर्कस्तानातली, तिकडच्या एका खेड्यातली, पन्नाशी ओलांडलेली. आमच्याच केअर होमच्या धुलाईखान्यात ती चादरी धुवायची. मी तिला एमिनेताई म्हणू लागले, ती मला 'कझम' म्हणायची, म्हणजे माझ्या पोरी. तिची लेक लग्न होऊन याच देशात, दोन तासांवर राहत होती. लेकीची पोरगी सहा वर्षांची, आणि तिला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. आजी-नात फोनवर एकमेकींकडे बघून फक्त हसायच्या. एमिनेला या देशात कायमचं राहायचा कागद हवा होता आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा पास होणं भाग होतं. "कागद ऑफिसला," ती म्हणायची, "इंग्रजी पोरीला."

तिची शब्द शिकायची पद्धत तिची स्वतःची होती. स्वयंपाकघरात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. रोज सकाळी चहा पिता पिता पाच शब्द चिठ्ठ्यांवर लिहायचे आणि चिमट्यांनी दोरीवर लावायचे. जो शब्द दिवसभरात तीनदा कामी आला, ती चिठ्ठी उतरवून बिस्किटांच्या डब्यात टाकायची. बाकीच्या तशाच लटकत राहायच्या. डोक्याला चिठ्ठ्या घासत आम्ही भाजी फोडणीला घालायचो. शिवाय एक वही होती, तीन रकान्यांची. एकात तुर्की, एकात इंग्रजी आणि एकात माझ्या अक्षरात मराठी. मराठीचा रकाना कशाला, तर ती म्हणाली की तुलाही काही मिळालं पाहिजे ना.

त्या रकान्यांनी आम्हाला खूप हसवलं. साबणाला तीही जवळपास साबणच म्हणायची. कागद, मैदान, दुनिया, खबर, सगळे तिच्याकडे होते, थोडी चव बदलून. तिचं वाक्यही आपल्यासारखंच क्रियापद शेवटी ठेवून बसणारं. त्यामुळे इंग्रजी दोघींनाही उलटी चप्पल घातल्यासारखी वाटायची. इंग्रजी बोलताना ती पुरुषाला 'ही' (म्हणजे 'तो') म्हणायची आणि बाईलाही 'ही'च, कारण तिच्या भाषेत दोघांना एकच शब्द. मॅनेजरबाईंनाही ती 'ही'च म्हणायची, आणि माझ्या मते त्यांना ते शोभायचं.

स्वयंपाकघराचे शब्द झाले, धुलाईचे झाले, बसचे, हवामानाचे, भाजीबाजाराचे झाले. मग परीक्षेच्या पुस्तकात आजाराचा धडा आला. एमिनेनं त्या धड्याची पानं एकत्र धरून त्यांना चिमटा लावून टाकला. घरात आजाराची नावं लिहून टांगायची नाहीत, तिनं मला हातवारे करून समजावलं. नाव लिहिलं की तो घर शोधत येतो. तिला जास्त सांगावं लागलंच नाही. आमच्या मामाचा कॅन्सर तो जाईपर्यंत 'मोठी बिमारी'च होता, आणि तेही हळू आवाजात. मी म्हटलं, बरोबर आहे, तो धडा शेवटी करू. आम्ही दोघी आजारी माणसांतच दिवस काढायचो आणि दोघींनी आजाराचा धडा सोडून दिला.

एका सोमवारी मी धुलाईखान्यात गेले तर एमिने ओल्या चादरींच्या गाडीवर ओणवी झाली होती. एक हात पोटावर. मला बघून सरळ झाली. "बिराझ," म्हणाली. बिराझ म्हणजे थोडंसं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आणि जेवण अर्धं झालेलं. मी तिला ओढून दवाखान्यात नेलं. तिथे आधी फॉर्म भरायचा होता. दुखणं कसं आहे, तीन चौकोन: माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर. मी तिला विचारलं, किती दुखतं? तिनं अंगठ्याचं टोक तर्जनीच्या पेराला लावून दाखवलं. बिराझ.

परीक्षा तीन आठवड्यांवर होती. पोटाच्या तपासण्या मागे लागल्या तर ती हुकणार, पुन्हा सहा महिने थांबावं लागणार, हे तिच्या डोळ्यांत होतं. माझ्याही डोक्यात तेच होतं, हे मी आज सरळ सांगते. मी माइल्डवर खूण केली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी या म्हणाले; ते आम्ही परीक्षेनंतरवर ढकललं. बाहेर आल्यावर एमिनेनं माझा गाल धरून हलवला, काम झालं या अर्थानं.

मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, तर मला. शिकत असताना गोटमारीच्या, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीच्या जत्रेच्या, दिवशी आमची ड्युटी जाम नदीच्या काठावर, मलमपट्टीच्या मंडपात लागायची. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, आणि मध्ये दगड. डोकं फुटलेला माणूस यायचा, रक्त कानामागून शर्टात उतरलेलं, आणि म्हणायचा, "थोडंसंच लागलं सिस्टर, लवकर बांधा, खेळ सुरू हाय." आमच्या मोठ्या सिस्टर ओरडायच्या, "याचं थोडंसं ऐकू नका, जखम पाहा!" आठ टाके पडायचे त्या थोड्याशाला. आमच्या गावचं थोडंसं काय असतं ते मी वीस वर्षांची असतानाच शिकले होते. आणि इंग्रजीच्या फॉर्मसमोर बसल्यावर मी ते विसरले. पोटाला हात लावून पाहिलाच नाही, चौकोन पाहत बसले.

एमिने परीक्षा पास झाली. निकालाचं पत्र तिनं दोरीवर मधोमध लावलं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या सरकवून जागा केली. आठ दिवसांनी ती धुलाईखान्यात पडली. हॉस्पिटलमध्ये नर्सनं विचारलं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? एमिने घामानं भिजलेली होती. तिनं स्वच्छ इंग्रजीत उत्तर दिलं, "टू, थँक यू." परीक्षेत शिकवल्याप्रमाणे, थँक यूसकट. मी नर्सला म्हटलं, "ते नऊ लिहा." नर्स म्हणाली, पेशंट जे सांगेल तेच लिहावं लागतं. मी म्हटलं, मग तिची जीभ पाहा, नाडी पाहा, हात लावून पाहा. मी ओरडत होते. सहा वर्षांत पहिल्यांदा या देशात ओरडले, आणि नेमकं उशिरा.

पोटात मोठी बिमारीच होती, आणि ती पसरलेली होती. फॉर्म भरल्यापासूनचे ते पाच आठवडे मिळाले असते तर काही फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. पडला असता असंही कुणी म्हणालं नाही, आणि नसता पडला असंही नाही. यापुढे मला याच्यासोबत राहायचं आहे, आणि मी राहतेय.

तिसऱ्या दिवशी एमिनेनं वही मागवली, आणि पुस्तकही. तिनं स्वतःच्या हातानं आजाराच्या धड्याचा चिमटा काढला. "आता तो आलाच आहे," म्हणाली, "आता घाबरून काय." मग आम्ही तो धडा केला. दुखण्याचे इंग्रजीत किती शब्द, शार्प, डल, बर्निंग, थ्रॉबिंग. प्रत्येकाला ती माझा रकाना बोटानं दाखवायची, तुझ्याकडे? मी लिहायची. कळ. चमक. ठणका. ठसठस. चुरचुर. भणभण. तिचे डोळे मोठे झाले. एवढे? मलाही नवल वाटलं. आईकडे हे सगळे शब्द आहेत आणि ती ते रोज वापरते. बैलाच्या खांद्यासाठी, शेजारणीच्या कंबरेसाठी, नातवाच्या कानासाठी. स्वतःसाठी तिच्याकडे एकच आहे, थोडंसं.

शनिवारी नात आली. पोरगी पलंगापासून लांब, आईच्या मागे उभी होती. एमिनेनं तिला जवळ बोलावलं आणि हळूहळू, शब्द जुळवत, इंग्रजीत सांगितलं, "इट हर्ट्स अ लॉट. स्टे विथ मी." खूप दुखतंय, माझ्याजवळ थांब. पोरगी चपला काढून पलंगावर चढली आणि आजीच्या कुशीला लागून बसली. इतकी वर्षं दोघी नुसत्या हसायच्या. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले. त्यानंतर एमिने नऊ दिवस होती. लेकीनं तिला तिच्या गावी नेऊन पुरलं. कायमचं राहायचा कागद तिला मिळालाच नाही.

स्वयंपाकघरात दोरी अजून आहे. लेकीनं निकालाचं पत्र नेलं, वही माझ्याकडे ठेवली.

परवा रविवारी नेहमीसारखा आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार होती. पडद्यावर नेहमीसारखं तिचं अर्धं कपाळ आणि बाकी सगळं छत.

"बरं हाय," ती म्हणाली. "तू बरी हायस ना?"

"नाही," मी म्हटलं. "मी बरी नाही, आई." आणि सगळं सांगितलं. दवाखाना, फॉर्म, माझी खूण. इथलं काही वाईट मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मग मी विचारलं, "आता तू सांग. तुझं कुठे दुखते?"

"थोडंसं. या वयात दुखतेच बाप्पा."

"थोडंसं म्हणजे किती? दहापैकी सांग."

"दहापैकी?" ती हसली. "मी काय परीक्षेले बसून राहिली?"

मी फोन तसाच धरून ठेवला. मागे रस्त्यावरून कुणाची तरी मोटरसायकल गेली.

घर कुठलं, असं इथे मला नवे लोक विचारतात. आधी मी पांढुर्ण्याचं नाव सांगायची, नकाशात नागपूरच्या वर बोट ठेवायची. पण त्या घरात आम्ही सगळे एकमेकांना बरं आहे म्हणत राहिलो आणि बरं आहे ऐकत राहिलो. आता मला वाटतं, जिथे खूप दुखतंय असं म्हणता येतं आणि कुणीतरी चपला काढून जवळ येऊन बसतं, ते घर. तसं घर एमिनेला हॉस्पिटलच्या पलंगावर नऊ दिवस मिळालं. आम्हाला अजून बांधायचं आहे, मी इथून आणि आईनं तिथून.

"तुही गाडी गेली ना," आई हळूच म्हणाली, "तवापासून ते बोट वाकत नाही. मोडलंच होतं वाटते. कापूस येचताना कळ येते वं. लई कळ येते."

"दाखव," मी म्हटलं.

छत हललं, पदर हलला, आणि मग तिनं हात वर केला. मधलं बोट दुसऱ्या पेरापासून बाहेर वळलेलं होतं, सहा वर्षं तसंच. मी फोन डोळ्यांजवळ नेला आणि या वेळी नीट पाहिलं.