कारकुनाची शर्यत

शुभाताईंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. मार्च संपत आला होता, आणि न्यू जर्सीत आमच्याकडे जेमतेम बोटभर पडला होता, पण तिकडे सिरॅक्यूजला पुन्हा फूटभर. अविनाश सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला गेला. समोरच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं, तर तो मेलबॉक्सशेजारी पडलेला. ॲम्ब्युलन्स आली, पण काही उपयोग झाला नाही. हे सगळं ताईंनी अगदी सावकाश, एकेक वाक्य मोजून सांगितलं, आणि त्यावर मी काय विचारावं? "गराजमध्ये स्नो ब्लोअर असताना त्यानं फावडं कशाला घेतलं?" ज्या बाईचा नवरा जाऊन दोन तास झालेत तिला हा प्रश्न. ताई म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नाही का तो कसा आहे?" मी 'आहे' हा शब्द ऐकला आणि गाडीत जाऊन बसलो... खरं सांगायचं तर आज अडीच महिन्यांनीही मला रडू कमी येतं आणि राग जास्त येतो. बर्फ उडवायचं मशीन होतं. डॉक्टरांनी डिसेंबरमध्ये सांगितलेली हृदयाची तपासणी होती, ती यानं 'उन्हाळ्यात बघू' म्हणून पुढे ढकलली होती. काय म्हणायचं असल्या माणसाला?

अविनाश माझा साडू. माझी बायको माधवी, तिची थोरली बहीण शुभदा, आणि शुभाताईंचा हा नवरा. माझ्याहून वर्षभराने मोठा, पण पहिल्या भेटीतच अरे-तुरेवर आलेला. मूळचा मिरजेचा. इंजिनिअरिंगची चार वर्षं रोज मिरज ते सांगली सायकलनं गेला, आणि ती सायकल त्याच्या डोक्यातून पुढे कधी उतरलीच नाही. अमेरिकेत येऊन पुलांची डिझाइनं करणाऱ्या कंपनीत लागला आणि बरोबर अशा गावात जाऊन राहिला जिथं वर्षातले पाच महिने सायकल बाहेर काढता येत नाही. मी म्हणायचो, अरे, पोहण्याची आवड असलेल्या माणसानं वाळवंटात घर घेण्यातला हा प्रकार आहे. त्यावर तो म्हणायचा, "म्हणून तर टेपा आहेत."

या टेपांविषयी सांगितल्याशिवाय अविनाश कळणार नाही. जुलैमध्ये फ्रान्सात ती तीन आठवड्यांची सायकल शर्यत होते, एकवीस टप्प्यांची. जगातले बाकीचे शौकीन ती जुलैमध्ये बघतात. हा बघायचा नाही. टायमर लावून सगळीच्या सगळी व्हिडिओ टेपवर उतरवून घ्यायचा आणि एकवीस टेपा कपाटात ठेवून द्यायचा. का, तर हिवाळ्यात पुरवून पुरवून बघायला. डिसेंबरमध्ये नीट बर्फ धरला की शनिवारी एक टप्पा, रविवारी एक टप्पा. फास्ट फॉरवर्ड करायचं नाही, मधून उठायचं नाही, घरातल्या सगळ्यांनी बसायचं. आणि मुख्य म्हणजे जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत शर्यत कोणी जिंकली हे त्याला कळता कामा नये. ही जबाबदारी सगळ्या खानदानाची. शुभाताई पेपरमधलं खेळाचं पान आधी काढून घ्यायच्या. ऑफिसात लोकांना दम दिलेला. मी फोनवर 'अरे, ते सायकलवाले' एवढं म्हटलं तरी पलीकडे फोन ठेवलेला असायचा. परदेशी नावं त्याला नीट म्हणता यायची नाहीत म्हणून त्यानं सगळ्यांचं बारसं केलं होतं. एक खवीस होता, एक भटजी होता. त्या वर्षी त्याचा लाडका होता पैलवान. आणि एक होता कारकून. कारकून कधी पुढे यायचा नाही, कधी मागे राहायचा नाही, मान खाली घालून आपला घोळक्यातून चालवत राहायचा. अविनाश त्याला सारखा शिव्या घालायचा. "काय हा माणूस, सरकारी फाइल घेऊन चाललाय जणू."

तर त्या जुलैमध्ये पैलवान जिंकला. आणि जिंकल्यावर थोड्याच दिवसांत बातमी आली की तो उत्तेजक औषध घेताना सापडला. खेळाच्या पानावर नव्हे, पहिल्या पानावर. टीव्हीवर, रेडिओवर, जिथं तिथं. आता ही गोष्ट अमेरिकेत राहणाऱ्या माणसापासून लपवायची म्हणजे काय चेष्टा आहे? पण शुभाताईंनी लपवली. पेपर आठवडाभर 'आलाच नाही'. माधवीला फोन करून बजावलं, स्वतःच्या पंधरा वर्षांच्या मुलीला, ऋचाला बजावलं, मला तर दोनदा बजावलं. मी म्हटलं, ताई, सांगून टाका ना सरळ, हे फार वाढेल. त्या म्हणाल्या, "दिलीप, त्याला हिवाळ्यात दुसरं काय आहे? बघून होऊ दे. मग मी सांगीन."

फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेचा लाँग वीकेंड आला आणि माधवीनं ठरवलं की बहिणीकडे जायचं. मी हवामानाचा अंदाज दाखवला, पण माझं कोण ऐकतं. पाच तासांचा रस्ता आठ तासांत कापून शुक्रवारी संध्याकाळी पोचलो आणि शनिवारी सकाळी उठून बघतो तर गाडी दिसत नाही. गाडीच्या जागी एक पांढरा उंचवटा. दिवसभर पडतच होता. अविनाश मात्र खूश, कारण असल्या हवेत पाहुणे हलणार नाहीत आणि टप्पा सोळावा आणि सतरावा सगळ्यांनी मिळून बघायचा होता. मी सोफ्यावर अडकलेला, ऑफिसचं काम डोक्यावर, समोर चार-चार तास माणसं चढावर पॅडल मारताहेत, आणि शेजारी हा, ज्याला सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट माहीत नाही. जेवणंसुद्धा टीव्हीसमोर. शनिवारी मुगाची खिचडी, रविवारी उरलेल्या खिचडीचं थालीपीठ. माझा जीव नुसता आंबून गेला होता.

रविवारच्या टप्प्यात पैलवानानं तो पराक्रम केला. डोंगरात सगळ्यांना सोडून एकटा सुटला आणि शेवटपर्यंत कोणाला सापडला नाही. अविनाश उभा राहिला. टाळ्या वाजवायला लागला. डोळ्यांत पाणी. शुभाताई स्वयंपाकघरात निघून गेल्या, माधवी विणकामात डोकं घालून बसली. मी अजूनही गप्प होतो, हे नमूद करतो. पण त्यानं टेप मागे घेऊन तो चढ दुसऱ्यांदा लावला, मग तिसऱ्यांदा लावला, आणि ऋचाकडे वळला. ऋचाला त्या आठवड्यात गणितात कमी मार्क पडले होते. तो म्हणाला, "बघ नीट. प्रामाणिक कष्ट म्हणजे काय ते बघ. शॉर्टकट नाही, काही नाही. आणि तू." पोरगी मान खाली घालून बसली. तिलाही सगळं माहीत होतं, आणि ती बापाखातर ते ऐकून घेत होती. ते मला बघवेना.

"अविनाश," मी म्हटलं, "तो औषध घेऊन चालवत होता. सापडलाय तो. जुलैपासून सगळ्यांना माहीत आहे."

टीव्हीवर लोक ओरडत होते तेवढाच आवाज. शुभाताई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. अविनाशनं एकेकाकडे पाहिलं. ऋचा म्हणाली, "आय न्यू, बाबा. सॉरी." त्यानं जाकीट घातलं, बूट घातले, फावडं घेतलं आणि बाहेर गेला. तासभर खिडकीतून त्याची टोपी वर-खाली होताना दिसत होती. ताई माझ्याशी बोलत नव्हत्या, माधवी माझ्याशी बोलत नव्हती, आणि मला जायचं म्हटलं तरी जाता येत नव्हतं, कारण माझी गाडी बर्फात पुरलेली होती आणि ज्याचं मी वाटोळं केलं तोच माणूस ती उकरून काढत होता.

तो आत आला तेव्हा भुवयांवर बर्फ होता. बूटसुद्धा न काढता त्यानं मला विचारलं, "मग दुसरा कोण आला?"

मी पेपरात वाचलेलं नाव सांगितलं, जमेल तसं उच्चारून. त्याला कळेना. मी कपड्यांचा रंग सांगितला. तो तिथंच पायरीवर बसला. "कारकून? आपला कारकून? अरे, मी त्याला दोन महिने शिव्या घालतोय." मग म्हणाला, "म्हणजे आपण सगळा वेळ चुकीच्या माणसाकडे बघत होतो, दिलीप." उठला, कपाटातून पहिली टेप काढली आणि लावली. चारच टप्पे उरले होते. ते सोडून पहिल्यापासून पुन्हा, या वेळी फक्त कारकुनाकडे बघायचं. मी डोकं धरलं.

सोमवारी आणि मंगळवारीही रस्ते बंद होते, आणि त्यानं शनिवार-रविवारचा स्वतःचाच नियम मोडून रोज टेप लावली. हा उठून टीव्हीजवळ जायचा आणि काचेवर बोट ठेवायचा. "हा. उजवा खांदा जरा खाली असतो त्याचा. दिसला?" मला एका रंगाच्या कपड्यांतली नऊ माणसं दिसत होती, सगळ्यांची हेल्मेटं सारखी, सगळ्यांचे चष्मे काळे. मी म्हणायचो, दिसला. ऋचाला विचारायचा, तीही म्हणायची, "येस, दिसला." मला फक्त घरी जायचं होतं. बुधवारी निघालो तेव्हा त्यानं माझा हात दाबला आणि म्हणाला, "बरं केलंस सांगितलंस." माझा त्यावर विश्वास बसला नाही. मला वाटलं, घरी आलेल्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून म्हणतोय. तो तसा होता.

पुढे दर रविवारी त्याचा फोन यायचा. आज कारकुनानं हे केलं, आज वाऱ्यात कोणाच्या आडोशाला राहिला, आज पाणी कोणाला दिलं. मी स्पीकरवर टाकून ईमेल वाचायचो. शेवटचा फोन तेराव्या टप्प्याचा. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो गेला.

आणि तेव्हापासून मला एकच गोष्ट डाचते. मी त्या रविवारी तोंड आवरलं असतं, तर उरलेले चार टप्पे त्यानं पुढच्या दोन शनिवार-रविवारांत बघून संपवले असते. त्याची शर्यत पूर्ण झाली असती. त्याचा पैलवान त्याच्यापुरता जिंकला असता. त्याऐवजी मी त्याला पुन्हा पहिल्या टप्प्यावर नेऊन उभा केला, आणि मध्येच सगळं थांबलं. लोक समाचाराला आले की म्हणायचे, आवडीचं करता करता दिवस घालवले, भाग्यवान. मी तिथून उठून जायचो.

एप्रिलअखेर आम्ही पुन्हा वर सिरॅक्यूजला गेलो. कागदपत्रं, कपडे, नेहमीची कामं. टीव्हीखालच्या मशीनमध्ये चौदावी टेप तशीच होती. शुभाताईंनी ती काढू दिली नव्हती. शनिवारी दुपारी चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "लावू या का?" माधवी म्हणाली, तुम्ही बघा, मी भांडी घासते, आणि आत गेली. आम्ही तिघं बसलो. मी तेव्हा त्यांना म्हटलं की मी गप्प बसलो असतो तर त्याची शर्यत पूर्ण झाली असती. मला वाटलं होतं, त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "हो. झाली असती." एवढंच. टेप चालू झाली.

पाऊण तास झाला. घोळका कुठल्याशा सूर्यफुलांच्या शेतांमधून चालला होता. आम्ही तिघंही पुढे वाकून बघत होतो. शेवटी ऋचानं विचारलं, "काका, कारकून कुठला?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. मला तो एकदाही दिसला नाही. मी आपलं दिसला म्हणायचो."

ऋचा माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी पण."

शुभाताईंनी मग डोळे पुसले, आणि त्या हसल्या की काय असं मला वाटलं. "मलाही नाही दिसला," त्या म्हणाल्या. "बोट ठेवायचा तिथं बघायचे आणि मान हलवायचे." एवढ्या मोठ्या घरात चार माणसं बसून बघत होती, आणि कारकुनाला खरोखर पाहणारा एकटा तोच होता. राग आला मला. माझा मलाच. दर रविवारी तो फोनवर मला सांगत होता ना सगळं, आणि मी ईमेल वाचत होतो.

ताई उठल्या, चौदावी टेप काढून घेतली आणि कपाटातून पहिली आणली. "उजवा खांदा खाली असतो म्हणायचा ना?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं.

तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी मी ड्राइव्ह करून वर जातो. बाहेर लख्ख ऊन असतं, लोक सायकली घेऊन बाहेर पडलेले असतात, आणि आम्ही पडदे ओढून बसतो. फास्ट फॉरवर्ड करत नाही, मधून उठत नाही. सध्या आम्ही तिसऱ्या टप्प्यावर आहोत. कारकून अजून सापडलेला नाही.