अर्ध्या टाकीची ट्रायल

"भाऊ, पानीनी टाकी अर्धी करीसन गाडी चालाडी का?"

जानकाबाईने हे विचारलं तेव्हा माझ्या तोंडात पेढा होता. मोतीनानांनी हार आणला होता, नारळ आणला होता. गाडीची किल्ली मी त्यांच्या हातात ठेवणार, एवढ्यात हे. मी म्हटलं, "बाई, तुमचं पत्र्याचं घासकाम संपलं ना? मग चहा घ्या." नीट नाही बोललो. माझं डोकं लवकर फिरतं, हे आमच्या शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

आधी गाडीचं सांगतो. जळगावला माझं ट्रकची बॉडी बांधायचं वर्कशॉप आहे. आमच्याकडे चेसिस येते, म्हणजे इंजिन, केबिन आणि मागे नुसता सांगाडा. त्यावर बाकीचं आम्ही उभं करतो. आयुष्यभर केळीच्या गाड्या बांधल्या. मोतीनाना बोदवडचे सरकीचे व्यापारी, घराणं मूळचं राजस्थानचं. एक दिवस आले आणि म्हणाले, "भाऊ, आत राहता येईल असा ट्रक बांधून दे. हिला माहेरी न्यायचंय."

त्यांच्या पत्नीच्या, सुशीलाभाभींच्या, किडन्या काम करत नाहीत. पोटात एक नळी बसवलेली आहे. दिवसातून चार वेळा औषधी पाण्याची दोन लिटरची पिशवी त्या नळीतून पोटात सोडायची आणि काही तासांनी ते पाणी बाहेर काढायचं. हे त्या घरीच करतात. पण दर वेळी आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुवावे लागतात. त्यात कसूर झाली तर पोटात इन्फेक्शन होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. त्यामुळे चार वर्षं भाभी बोदवडबाहेर मुक्कामाला गेल्या नव्हत्या. त्यांची आई राजस्थानात, नव्वदीला आलेली. आईला प्रवास झेपत नाही, लेकीला करता येत नाही. दोघी फोनवर व्हिडिओ कॉलने भेटायच्या.

"आईला आता नीट दिसत नाही," भाभी मला म्हणाल्या होत्या. "ती स्क्रीनला हात लावून बघते."

मी मान खाली घातली आणि टेपने मापं घ्यायला लागलो. दुसरं काय करणार.

डॉक्टरांनी तीन अटी घातल्या. पिशव्या तापू द्यायच्या नाहीत, खोकी ओली होऊ द्यायची नाहीत, आणि हात धुवायचं पाणी कधीच संपता कामा नये. पिशव्यांचं काम मला सोपं गेलं. केळी आणि या पिशव्या, दोन्हींनाही उष्णता सोसत नाही. केळीच्या गाडीत करतो तसंच केलं. तळाला लाकडी पट्ट्या, मध्ये हवा खेळायला जागा, भिंतीत थर्माकोलचे जाड शीट. बारा दिवसांच्या अठ्ठेचाळीस पिशव्या बसतील असे कप्पे केले. खोकं हलू नये म्हणून प्रत्येक कप्प्याला पट्टा लावला.

पाण्यासाठी स्टीलची दोनशे लिटरची टाकी केली. छतावर ठेवली असती तर आपल्याकडच्या उन्हात पाणी उकळलं असतं, म्हणून पलंगाखाली घेतली, कप्प्यांच्या शेजारी. बॅटरीवर चालणारा छोटा पंप बसवला आणि नळाला पायाने दाबायचा स्विच दिला, म्हणजे धुतलेले हात परत नळाला लावायला नकोत. त्या स्विचवर मी फार खूश होतो. येईल त्याला दाबून दाखवायचो.

ट्रायलही झाली होती. टाकी काठोकाठ भरून एरंडोलला गेलो, नाना-भाभींनी पद्मालयाला गणपतीचं दर्शन घेतलं, परत आलो. गाडी लोण्यासारखी चालली. टाकी काठोकाठ का, तर जळगावात नळाला रोज पाणी येत नाही. आलं की भरून घ्यायचं. टाकी मुद्दाम अर्धी ठेवायची, हे आमच्या डोक्यात यायचंच नाही.

जानकाबाईच्या डोक्यात आलं. ती सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. आमच्याकडे रंगाआधी पत्रा पॉलिश पेपरने घासायचं काम करते. फार बोलत नाही. त्या दिवशी मात्र चहा न घेता तिथेच उभी राहिली.

नानांनी विचारलं, "काय म्हणतेस, अक्का?"

"नाना, भरेल हंडा हालत नही," ती म्हणाली. "अर्धा व्हयना का हालस."

झऱ्यावरून डोक्यावर पाणी आणण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. मी विचारलं, "मग हंडा अर्धा असला की तुम्ही काय करता?"

"पळसनी डहाळी टाकतस."

डहाळी टाकली की पाणी हिंदकळत नाही. मला एकदम टँकरवाले आठवले. टँकरच्या आत ते आडवे पत्रे लावतात, त्याला बफल म्हणतात. त्यामुळे ब्रेक मारला की सगळं पाणी एकदम पुढे धावत नाही. मला हे माहीत होतं, बरं का. पण माझ्या फिटरने विचारलं तेव्हा मीच म्हणालो होतो, "दोनशे लिटरला कसलं आलंय बफल."

तेवढ्यात नानांसोबत आलेल्या भाभीच बोलल्या. "रस्त्यात टाकी अर्धी होणारच ना, भाऊ? बघून घेऊ."

अर्धं पाणी काढलं. कप्प्यांत पिशव्यांऐवजी पाण्याच्या बाटल्यांची खोकी ठेवली. भाभी शेडमध्येच थांबल्या. नाना आणि मी केबिनमध्ये बसलो, जानकाबाईलाही बसवलं. पारोळ्यामार्गे धुळं, आणि पुढे लळिंग घाट. उतारावर ब्रेक मारला तसं मागून धप्प आवाज आला. पुन्हा मारला, पुन्हा धप्प. नानांनी माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघत राहिलो.

घाट उतरून गाडी बाजूला घेतली आणि मागचं दार उघडलं. टाकीचा वेल्डिंगचा जोड बोटभर फाटला होता. खालच्या कप्प्यातली खोकी भिजून बसली होती. टाकीत हात बुडेल एवढंही पाणी नव्हतं. हेच राजस्थानात, कुठल्या तरी माळावर झालं असतं, आतमध्ये भाभी असत्या. मी तिथेच पायरीवर बसलो.

"बाई," मी म्हटलं, "सकाळी मी तुम्हाला चहा घ्या म्हणालो, ते चुकलं माझं."

"चहा तं आजून लेयेल नही," ती म्हणाली. नाना हसले, मग आम्ही तिघांनी टपरीवर चहा घेतला.

गाडी परत शेडमध्ये आली. नाना नाराज होते, सोमवारचा निघायचा मुहूर्त काढला होता. भाभी म्हणाल्या, "चार वर्षं थांबले, चार दिवसांनी काय होतंय? भाऊ, तुम्ही नीट करा." टाकी कापली. आत भोकं पाडलेले तीन आडवे पत्रे घातले, म्हणजे पाणी एका भागातून दुसऱ्या भागात जाईल पण सावकाश. जोडांना बाहेरून पट्टी दिली. टाकीखाली ट्रे बसवला, म्हणजे गळलंच तर पाणी खोक्यांकडे न जाता गाडीबाहेर जाईल. मग अर्ध्या टाकीवर लळिंग, पाव टाकीवर लळिंग. प्रत्येक वेळी जानकाबाई केबिनमध्ये कान देऊन बसलेली. शेवटच्या फेरीला ती म्हणाली, "आते चुपचाप शे." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी गाडी निघाली. पाचव्या दिवशी भाभींचा फोन आला. "आधी जानकाबाईंना द्या," म्हणाल्या. मी फोन स्पीकरवर टाकला. भाभी सांगू लागल्या, माहेरी पोचल्यावर आईला चौघांनी धरून गाडीत चढवलं होतं. आईने विचारलं, हात कुठे धुतेस? भाभींनी दाखवलं. मग आईने स्वतः पायाने स्विच दाबून धरला, लेकीचे दोन्ही हात हातात घेतले आणि साबण लावून धुऊन दिले.

"किती तरी वेळ धूत होती," भाभी म्हणाल्या. "पाणी संपेल म्हटलं, तरी सोडेना."

"नही सरनार," जानकाबाई फोनला म्हणाली. "धुवू द्या तिले."

मी शेडमध्ये उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीच्या वायरिंगमध्ये काही तरी बघायला गेलो. बघायचं काही नव्हतं. त्या बाईचे उपकार मी कसे फेडणार, मला अजून कळलेलं नाही.

एक मात्र केलं. आमच्या जॉबकार्डवर, म्हणजे प्रत्येक गाडीच्या कामाच्या कागदावर, शेवटी एक ओळ वाढवली: 'अर्ध्या टाकीवर ट्रायल.' टाकीची गाडी असली की त्यापुढे जानकाबाईची सही लागते. सही करायला तिला बराच वेळ लागतो. मी थांबतो.