अर्नॉल्डचं हिरवं बोट

अर्नॉल्ड स्टॅन्सफील्डचा आयुष्यात दोनच गोष्टींवर विश्वास: एक ओलं फडकं आणि दुसरं स्वतःचं मत. यॉर्कशरच्या आमच्या गावात अर्ध्या घरांचे तांब्याचे पाइप त्याने जोडलेत. पाइप आधी लख्ख घासायचा, ब्रशने त्यावर फ्लक्सचा पातळ हात फिरवायचा, मग तापवून डाक द्यायचा. फ्लक्स म्हणजे पिवळसर मलम. आपल्या कल्हईवाल्याचा नवसागर जे करतो तेच ते करतं; त्याशिवाय डाक धरत नाही. पण काम झालं की ते पुसायचं. राहिलं तर तांबं कळकतं आणि सांध्याला हिरवी दाढी फुटते. ‘बोटाने लावायचं नाही, पुसल्याशिवाय उठायचं नाही’ हे त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या मला ते पाढ्यांसारखं पाठ आहे.

याच दाढीपायी त्याने मेहुण्याशी वैर घेतलं. कीथ हा त्याच्या बायकोचा, डोरीनचा, धाकटा भाऊ, आणि तोही प्लंबर. बावीस वर्षांपूर्वी एका बारशाच्या जेवणात अर्नॉल्डने सगळ्यांदेखत सांगितलं की कीथच्या सांध्यांवर शेवाळ उगवतं. कीथ भरल्या ताटावरून उठला, कोट घातला आणि गेला. तेव्हापासून तो बहिणीकडे रविवारी जेवलेला नव्हता. शब्द मागे घे, मग येतो, एवढंच त्याचं म्हणणं. खरं बोललो ते मागे कसं घेऊ, असं याचं.

येत्या रविवारी डोरीनला सत्तर पूर्ण होणार होती. तिला भेट नको होती, केक नको होता, भाऊ पानावर हवा होता. आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाच्या भिंतीपाशी मला हे सांगताना तिचे डोळे भरले, तेव्हा अर्नॉल्डला त्याच्याच पान्ह्याने बडवावं असं मला वाटलं.

त्या बुधवारी माझं सिंक ठिबकू लागलं. माझं घर म्हणजे डोरीनचं माहेर. तिची आई गेल्यावर मी ते विकत घेतलं. अर्नॉल्ड आला, आणि आईचं स्वयंपाकघर बघायला डोरीनही आली. तो सिंकखाली कमरेपर्यंत शिरला आणि आतून आवाज आला.

“नळाचा वायसर गेलाय, पोरी. दहा मिनिटांचं काम.” मी एकसष्ट वर्षांची पोर आहे. “पण मागचा सांधा बघ, हिरवागार. कीथचं काम. मी लांबूनही ओळखेन.”

डोरीनने त्याला बाहेर काढून बॅटरी हिसकावली, गुडघ्यांना शिव्या देत वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

“अर्नॉल्ड, तुझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट दाखव.”

त्या बोटावर तिरका व्रण आहे, सोळाव्या वर्षी करवत लागल्याचा. पाइपवर हिरव्या रंगात अख्खा बोटाचा ठसा उमटला होता, आणि त्यातून तशीच तिरकी रेघ गेली होती.

“तू हा सांधा करायला पहिल्यांदा आमच्याकडे आलास तेव्हा कीथ अकरा वर्षांचा होता,” डोरीन म्हणाली. “सकाळी पेपर टाकायचा.”

लोकांच्या डोळ्यातलं कुसळ शोधणाऱ्याला स्वतःचं मुसळ दिसायला पन्नास वर्षं लागली. अर्नॉल्ड जमिनीवरच बसून राहिला. मग फडक्याशी बोलावं तसं हळू म्हणाला, “ब्रश सापडेना, म्हणून बोटाने लावलं. पुसणारच होतो. तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस.”

“मग?”

“मग काय. मग पुसायचं कुणाच्या लक्षात राहणार?”

हे त्याने तिला पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. डोरीन कानापर्यंत लाल झाली. मला भरून आलं, म्हणून मी उगाचच किटली भरायला घेतली; त्याने पाणी बंद केलंय हेही विसरले.

वायसर बदलून झाल्यावर त्याने तो धडधाकट सांधा कापून काढला. पुरावा नष्ट करतोस का, असं डोरीनने विचारलं. त्याने नवा सांधा केला, ब्रशनेच. डोरीन चहा घेऊन आली तसा त्याने हात वर केला. “दारातच थांब. आधी पुसू दे.” आणि दोनदा पुसलं.

तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून तो कीथच्या दारी गेला. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलेलं नाही. रविवारी मात्र कीथ आला, शपथेवर सांगते, त्याच कोटात.

जेवताना त्याने तुकडा खिशातून काढला, चष्मा लावला आणि उलटसुलट करून पाहिला. आमचे काटे हवेतच थांबले.

“हिरवा आहे,” तो म्हणाला. “कधी गळला का?”

“नाही,” अर्नॉल्ड म्हणाला.

“माझेही कधी गळले नाहीत.”

अर्नॉल्ड ताटातल्या वाटाण्यांकडे बघत बसला. “माहीत आहे,” तो म्हणाला. “तेव्हाही माहीत होतं.”

डोरीनने सगळ्यांत मोठं यॉर्कशर पुडिंग भावाच्या ताटात वाढलं; ते गोड नसतं, त्याच्या फुगीर वाटीत ग्रेव्ही ओतून खातात. ग्रेव्हीचं भांडं अर्नॉल्डसमोर होतं. त्याने स्वतः न घेता ते आधी कीथकडे सरकवलं.