मागच्या इंजिनाची शिकवणी

लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत जन्माला येणारं प्रत्येक मूल पहिला टाहो फोडण्याआधी आमच्या गावातल्या मावशींची परवानगी घेतं, असं माझं ठाम मत आहे. मावशी प्रसूतिगृहात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, गुडघ्यांना तेल लावतात, सुनेला छळतात. मावशींना सून नव्हती, म्हणून त्यांनी लोकांचे जावई छळायला घेतले. होणाऱ्या आईबापांची शिकवणी सुरू केली, तीही एका वेळी एकाच जोडप्याची. “घोळक्यात बायका प्रश्न विचारत नाहीत आणि पुरुष नुसते विनोद करतात,” हे त्यांचं शास्त्र. पुण्यात म्हणे अशा शिकवण्या थंडगार हॉलमध्ये मंद संगीत लावून होतात, आणि फीचा आकडा ऐकूनच कळा सुरू होतात. मावशींकडे संगीत शेजारच्या पिठाच्या गिरणीचं, आणि फी इतकी माफक की शनिवार-रविवारचे पर्यटक मक्याच्या भज्यांना त्याहून जास्त मोजतात. फक्त नवरा सोबत नसेल तर दार उघडायचं नाही.

नवऱ्याला त्या पहिल्या दिवसापासून ‘वडील’ म्हणत. “या वडील, बसा.” बायकोला दिवस गेले आणि आम्हीही त्यांच्याकडं गेलो, तेव्हा मी तिशीही गाठली नव्हती. मागं वळून पाहिलं, माझे वडील आले की काय! मग त्यांनी माझ्या पोटावर तांदळाची पिशवी ओढणीनं घट्ट बांधली आणि मोजे घालायला सांगितले. मोजे घालणं ही एवढी मोठी कामगिरी असते हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. बायको हसून हसून लाल झाली. “हसू नकोस गं, वडील नाजूक आहेत,” वर मावशींचं हे! माझ्या आधीचे एक वडील, बँकेतले साहेब, म्हणे दिवाणाखालची चप्पल काढायला पिशवीसकट वाकले ते तिथंच अडकले.

बायकोच्या शंकांना मात्र त्या कधी हसल्या नाहीत. कळ कशी येते, दवाखान्यात कधी निघायचं, बाळाला पाजायला कसं घ्यायचं, सगळं कापडी बाहुलीवर पुन्हा पुन्हा दाखवत. मी शंका काढली की लगेच, “गूगलला विचारून आलात ना? मग उत्तरही त्यालाच मागा.” आणि श्वास शिकवायला त्यांना घाटच लागायचा. “मालगाडी कर्जतहून चढते ना, तसा श्वास. सावकाश, दमानं. आणि वडील, तुम्ही म्हणजे मागं जोडलेलं इंजिन. मागून जोर द्यायचा. पुढं येऊन शिट्ट्या मारायच्या नाहीत.” माझी संसारातली एकूण जागा इतक्या थोडक्यात कुणीच सांगितली नव्हती.

असा मी शिकून तय्यार झालो, आणि सातव्या महिन्यात ओटी भरून बायकोला माहेरी, तळेगावजवळच्या आंबीला न्यायचं ठरलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा नियमच. म्हणजे शिकलेला नवरा लोणावळ्यात आणि बायको आंबीत! निघायच्या आधी तिनं माझा हात धरला. “मला भीती वाटते रे. तू आत हवास.” तळेगावच्या डॉक्टरीणबाईंची हरकत नव्हती. हरकत होती सासऱ्यांची. “बाप्याचं तितं काय काम?” आबा म्हणाले. “आमच्यात न्हाई असलं. पोर झालं की सांगावा धाडू, मग या पेढं घिऊन.”

मी रडकुंडीला येऊन मावशींना हे सांगितलं. त्यांनी तांदळाची पिशवी उचलली आणि माझ्या स्कूटरवर मागं बसल्या. भाताच्या गावाला घरून तांदूळ घेऊन निघालेली बाई मी तेवढीच पाहिली.

आंबीत चहा झाला. “आबा, जरा उभे राहा बरं,” मावशी म्हणाल्या, आणि सगळ्या भावकीला धाकात ठेवणारे आबा चक्क उभे राहिले. पिशवी बांधली गेली. “आता चप्पल घाला.” आबा वाकले. मग भिंत धरली. मग घामाघूम होऊन बाजेवर बसले आणि स्वयंपाकघराकडं बघत राहिले.

“अगं, ह्ये घिऊन तू भात लावत व्हतीस?”

सासूबाई दारात आल्या. “तर! वाकून, चिखलात. आन् तुमी बांधावर बसून म्हनायचा, रांग सरळ धर.”

कुणी हसलं नाही. आबांनी गाठ स्वतःच सोडली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “जावई, फोन आला की निगा. येळ लावू नगा.” निघता निघता मावशींनी त्यांना घाटाचा श्वासही शिकवला.

फोन आला, मी तळेगावला दवाखान्यात पोचलो. आत गेल्यावर शिकलेलं सगळं डोक्यातून उडालं. एवढंच आठवलं की शिट्ट्या मारायच्या नाहीत. गप्प बसून तिची कंबर दाबून धरली. “जाऊ नकोस,” ती म्हणत राहिली आणि मी गेलो नाही. बाहेर बाकावर आबा इतक्या जोरात घाट चढत होते की सिस्टरनं त्यांचंच बीपी तपासलं. मुलगी झाली. मी असं भोकाड पसरलं की पोरगी रडायची थांबून माझ्याकडं बघायला लागली.

पुढं आम्ही पुण्याला राहायला गेलो. परवा लेकीला घेऊन मावशींकडं गेलो. केस पांढरेशुभ्र, कानाला यंत्र, आवाज तोच. मला त्यांनी ओळखलं नाही. एवढ्या बापांतला मी एक. तरी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आंबीचं नाव काढलं तशा खुलल्या. “पिशवीवाले आबा! कसे आहेत?”

“बरे आहेत. धाकट्या मेव्हणीच्या वेळी तिच्या नवऱ्याला त्यांनीच आत ढकललं.”

मावशी लेकीच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिल्या. तेवढ्यात दार वाजलं.

“या वडील, बसा.”

मी सवयीनं खुर्चीकडं वळलो. पण त्या दारातल्या तरुणाकडं बघत होत्या, आणि तो मागं वळून बघत होता, आपले वडील आले की काय. मी त्याला खुर्ची दिली आणि लेकीचा हात धरून बाहेर आलो. पायऱ्या उतरताना आतून त्याची बायको खदखदून हसल्याचं ऐकू आलं. पिशवी बांधली गेली असावी.