सिस्टरांच्या गाडीचं ऑइल

ऑइल मोजायची सळी इंजिनातून ओढून काढली, की सिस्टर आधी तिच्या टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळायच्या. डोळे मिटून, नाडी बघावी तशा. मग निकाल द्यायच्या, "अजून महिनाभर काई नाई होत याले." किंवा, "हे गेलं आता. रविवारी काढू." मी विज्ञानाचा शिक्षक. घर्षण आणि वंगण हा धडा मी इतकी वर्षं शिकवला, की झोपेतही म्हणून दाखवीन. पण तो थेंब मी चोळला की माझी फक्त बोटं काळी व्हायची.

पिंपळगाव राजात त्यांना सगळे सिस्टरच म्हणत, त्यामुळे मीही त्यांचं नाव सांगत नाही. आरोग्य केंद्रात त्यांनी सारी नोकरी काढली. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे मी नापास केलं. घर माझ्या समोरच. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा पुण्यात कंपनीत. निवृत्त झाल्यावर बायका काशीला जातात. सिस्टरांनी एक जुनी पांढरी मोटार घेतली आणि साठीला टेकलेल्या वयात गाडी शिकल्या.

ऑइल घरी बदलायचं वेड त्यांना एका अपमानातून लागलं. खामगावच्या एका गॅरेजमध्ये गाडी दिली होती. घ्यायला गेल्या तेव्हा सवयीप्रमाणे सळी काढून थेंब चोळला आणि म्हणाल्या, "दादा, हे जुनंच हाय." गॅरेजवाला हसला. "म्याडम, तुमी बीपी पाहा, गाडीचं आमाले पाहू द्या."

सिस्टरांनी पैसे मोजले आणि चावी घेतली. घरी येऊन मला हाक मारली. "सर, तुमच्या त्या मोबाइलवर दाखवा बरं ऑइल कसं बदलते ते." आम्ही दोघांनी ओसरीत बसून चार वेळा व्हिडिओ पाहिला. पाचव्या वेळी त्या म्हणाल्या, "एवढंच? याच्यापेक्षा पायाळू पोराची डिलिव्हरी अवघड." झालं, ठरलं. सिस्टरांचं एकदा ठरलं, की मग समजावणाऱ्याचीच दमछाक व्हायची.

त्यांनी गवंडी बोलावून अंगणात सिमेंटचे दोन उतार बांधून घेतले. पुढची चाकं त्यावर चढवली की गाडीखाली माणूस निजेल एवढी जागा व्हायची. गवंड्याला शेवटपर्यंत कळलं नाही, की आपण काय बांधतोय. "बाई, हे देवाचं हाय का न्हाणीचं?" असं त्याने दोनदा विचारलं. एरवी त्या उतारांवर गल्लीतल्या बायका पापड वाळत घालायच्या, आणि ऑइलचा रविवार आला की सिस्टर सगळ्यांना आदल्या दिवशीच तंबी द्यायच्या.

त्या दिवसाचा थाट बघण्यासारखा असायचा. स्टीलच्या ट्रेमध्ये पाने ओळीने मांडलेले. शेजारी पांढऱ्या कापडाच्या घड्या. गाडी पाच मिनिटं चालू ठेवून कोमट करायची, मग इंजिनाच्या बुडाशी ऑइलचं चेंबर असतं त्याखाली घमेलं सरकवायचं, आणि साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून सिस्टर पोत्यावर आडव्या. माझं काम टॉर्च धरायचं. टॉर्च जरा हलला की खालून आवाज यायचा, "सर, झोपले काय बे?" आणि लगेच, "माफ करा हं, तोंडातून गेलं." मला त्या 'बे'चा कधी राग आला नाही. हेडमास्तर अहो-जाहो करून जे बोलायचे त्यापेक्षा ते बरंच बरं होतं.

मी एकदा विचारलं, "हातमोजे काऊन नाही घालत?" त्यांनी जुना फिल्टर काढून, तो जिथे बसतो त्या जागेवरून बोट गोल फिरवत सांगितलं, "मोजे दवाखान्यात. इथं बोट उघडं पाह्यजे. जुनी रिंग चिकटून राह्यली असन तं ते डोयाले नाई दिसत." फिल्टरला रबराची रिंग असते. कधीकधी फिल्टर निघतो आणि रिंग इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा होतात, आणि गाडी चालू करताच सगळं ऑइल बाहेर. हे मी त्यांच्याकडून शिकलो, पुस्तकातून नाही.

आता ही गाडी त्यांना हवी कशाला होती, ते सांगतो. गल्लीच्या टोकाला आमची आशाताई राहते, दोन लेकरांची आई. गावातल्या गरोदर बायकांची सगळी काळजी तिच्या डोक्यावर. एखादीच्या कळा सुरू झाल्या आणि अ‍ॅम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली असली, की आशाताई सिस्टरांच्या दारात. सिस्टर चूल, ताट, पाहुणा, जे असेल ते तसंच टाकून निघायच्या. त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून किती बायका खामगावला गेल्या, त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही. एक मुलगी तर गाडीतच झाली. सिस्टर म्हणायच्या, "गाडी बंद पडाची परवानगी नाई हाय."

मग एका सकाळी सिस्टरांच्या हातातून चहाचा कप पडला. लकवा. सौम्य होता, तोंड आठवड्यात सरळ झालं, पाय सुधारला, उजवा हात मात्र मागे राहिला. डॉक्टरांनी सहा महिने गाडी बंद सांगितली. सिस्टर ते सहा महिने रबरी चेंडू दाबत ओसरीत बसल्या. मी शाळेत जाताना चेंडू, येताना चेंडू. समोरून बघून माझाच हात दुखायचा.

सहा महिने संपले तसा मुलगा पुण्याहून आला. वाईट नव्हता हो तो. आईच्या काळजीने झोप उडालेला माणूस. म्हणाला, "आई, गाडी विकून टाकू. तू चल माझ्याकडे. इथे एकटी पडलीस तर?"

सिस्टर म्हणाल्या, "आपण असं करू. उद्या रविवार हाय. गाडीचं ऑइल मी एकटी बदलतो. माह्या हातानं जमलं तं गाडी बी राहीन आन् मी बी राहीन. नाई जमलं तं तू म्हणशीन तसं."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे.

रविवारी त्या गाडीखाली गेल्या, त्या आधी डाव्या कुशीवर, मग हळूहळू पाठीवर. मी टॉर्च घेऊन बसलो. चेंबरचा नट घट्ट होता. उजव्या हाताने पाना धरला, सटकला. पुन्हा धरला, पुन्हा सटकला. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "टॉर्च धरा फक्त." तिसऱ्यांदा दात आवळून दाबला आणि नट हलला. काळी धार घमेल्यात पडायला लागली, आणि मला वर्गात कधी झाला नाही एवढा आनंद झाला. फिल्टर तर जागचा हलेना. त्याला त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि दोन्ही हातांनी पीळ दिला. निघाला. त्या जागेवरून बोट फिरवलं. नव्या रिंगेला ऑइल चोळून नवा फिल्टर बसवला, नट आवळला, नवं ऑइल ओतलं. या सगळ्याला दुपार झाली. मुलगा मध्येच फोनवर बोलत आत गेला होता.

"सर, चालू करतो हं," म्हणत सिस्टर गाडीत बसल्या. इंजिन चालू झालं. मी खाली वाकून बघतो तो फिल्टरच्या कडेने नवंकोरं, मधासारखं ऑइल भळभळा वाहतंय. "सिस्टर, बंद करा!"

त्या परत खाली शिरल्या. फिल्टर काढला. मग बाहेर आल्या. हाताच्या तळव्यावर दोन रिंगा होत्या, एक नवी आणि एक जुनी.

"बोट तं फिरवलं होतं मी," त्या म्हणाल्या. उजव्या हाताची तर्जनी त्यांनी अंगठ्यावर चोळून पाहिली. पुन्हा पाहिली. "सर, याले काईच समजून नाई राह्यलं. ताकद आली, पण बोट बधिर हाय."

आता जे मी केलं त्याची मला लाज वाटते, पण सांगतो. मी हळूच म्हणालो, "सिस्टर, तो आत आहे. मी यावर माती टाकतो. तुम्ही दुसरा फिल्टर बसवा. त्याला काही कळायचं नाही."

सिस्टरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी कॉपी करताना पकडलेला पोरगा झालो. "काऊन? पोटात बोळा राह्यला आन् वरून टाके घातले तं तुमी झाकसान काय?"

मी स्कूटरवर जाऊन स्टँडजवळून ऑइलचा डबा आणि फिल्टर आणला. त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं, या वेळी डाव्या हाताचं बोट फिरवून. गाडी चालू केली. दहा मिनिटं झाली, खाली एक थेंब नाही. मग त्यांनी मुलाला हाक मारली, सांडलेलं ऑइल दाखवलं, दोन्ही रिंगा दाखवल्या आणि काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं.

मुलगा तिथेच उकिडवा बसला. म्हणाला, "पण आई, शेवटी जमलं ना तुला? तूच शोधलंस, तूच दुरुस्त केलंस. ठेव गाडी. राहा तू इथेच."

"नाई बापू," सिस्टर म्हणाल्या. "आज अंगणात सांडलं. उद्या मागं एखादी कळा देत बसली असती आन् या उजव्या पायाले बी खाली ब्रेक हाय का अ‍ॅक्सिलेटर ते समजलं नसतं तं? मी दिवाळीले येतो तुह्यासंग."

तो आईला मिठी मारून रडला. मीही रडलो, आणि त्या माझ्यावर खेकसल्या, "तुमाले काय झालं बे?" या वेळी माफी मागितली नाही.

मला खरं तर त्यांचा राग आला होता. एवढा खरेपणा कोणी मागितला होता? समोरचं घर बंद होणार होतं ते माझ्या. पण सिस्टरांकडे असल्या रागाला वेळ नव्हता. दिवाळीला पाच महिने होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आशाताईला बोलावलं आणि गाडीची चावी तिच्यापुढे ठेवली. आशाताई घाबरली. "मले तं सायकल बी नाई येत, सिस्टर."

"मले कुठं येत होती?"

मग काय विचारता! रोज सकाळी शाळेच्या मैदानावर गाडी हिसके देत फिरायची आणि शेजारच्या सीटवरून सिस्टरांचा आवाज अर्ध्या गावाला ऐकू जायचा. दसऱ्याच्या आत आशाताईला लायसन मिळालं. दसऱ्यानंतर तिने एका बाईला खामगावला नेलं आणि सुखरूप परत आणलं. त्या दिवशी सिस्टर आपल्या हाताने मला पेढा द्यायला आल्या.

भाऊबीज झाली आणि त्या निघाल्या. मुलगा आपली गाडी घेऊन आला होता. गल्ली सगळी जमली. कोणी खण दिला, कोणी कुरडयांची पिशवी. आशाताई मात्र दिसेना. मुलगा घड्याळ बघायला लागला, म्हणून मी अंगणात पाहिलं. पांढरी गाडी उतारांवर चढवलेली होती आणि खालून आशाताईचे दोन पाय बाहेर आले होते. सिस्टरांनीच तिला सकाळी कामाला लावलं होतं. ऑइल बदलायची वेळ झाली होती, आणि आज त्यांना तिला एकटीने करताना पाहायचं होतं.

"ताई, सिस्टर चालल्या," मी म्हणालो. पाय गडबडीने हलले. आतून रडका आवाज आला, "सिस्टर, मी येऊन राह्यली!"

"येऊ नको," सिस्टर म्हणाल्या. "फिल्टर हातात हाय ना तुह्या? तो नीट बसव पह्यले."

त्या गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली बसल्या. आशाताईच्या घोट्यावर त्यांनी आपला डावा हात ठेवला. तो तिथे बराच वेळ राहिला. गाडीखाली फिल्टर फिरत असल्याचा बारीक आवाज येत होता. तो थांबला, तेव्हा सिस्टर उठल्या आणि मागे न बघता मुलाच्या गाडीत जाऊन बसल्या.