मिरजगावची सोयरीक, परदेशातले उंदीर

मिरजगावच्या स्टँडवर नगरची एसटी संध्याकाळी यायची होती. पुढे मला मुंबई आणि परदेशाचं विमान गाठायचं होतं. गाडीला उशीर झाला, ऊन उतरू लागलं, तसा माझा थोरला भाऊ भानुदासदादा उठला. अंधार पडला की त्याला दिसत नसे. "थांबलो तर तुलाच मला घरी पोचवावं लागंल," म्हणाला आणि निघाला. गाडी आली तेव्हा स्टँडवर वडील आणि आईच होते.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. परदेशातल्या ज्या लॅबमध्ये मला काम मिळालं, तिथे उंदरांच्या डोळ्यांचा अभ्यास चाले. भ्रूणपेशींतलं एक ठरावीक जनुक निकामी करायचं, त्यांच्यापासून उंदरांचा वाण तयार करायचा आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या पेशींचं काय होतं ते पाहायचं. डोळ्यावर प्रकाश टाकला की निरोगी उंदराच्या आलेखात लाट उठे. आमच्या उंदरांची रेघ सपाट जाई. फोनवर वडील विचारत, "मेलं का न्हाई उंदीर अजून?" आमच्या घरी ज्वारीच्या कणगीपाशी औषध ठेवून उंदीर मारत. लॅबमध्ये त्यांना उबदार खोली होती आणि वीकएंडलाही ड्यूटीवर माणूस.

पहिल्यांदा गावी आलो तेव्हा दादाने विचारलं, "माझ्या डोळ्याचं औषध आणलं का?" मी खरं ते सांगितलं. आम्ही बरं करत नाही. चांगल्या उंदरांना आंधळं करून कारण शोधतो. तो मोठ्याने हसला. "म्हंजे माझ्यासारखा उंदीर करायला तुला एवढ्या लांब नेलं व्हय?"

त्याच दिवसांत आईने त्याचं लग्न मामाच्या शोभाशी ठरवत आणलं होतं. आमच्यात मामाच्या मुलीवर पहिला हक्क. आई स्वतः वडिलांच्या मामाची मुलगी. लॅबमध्ये मी रोज उंदरांच्या जोड्या लावत होतो. बिघडलेलं जनुक एकाच बाजूने आलं तर पिल्लाला नीट दिसतं, दोन्ही बाजूंनी आलं तर नाही. शोभाकडे ते आहे की नाही, हे सांगणारी तपासणी नव्हती. मी इतकंच म्हणालो, "नात्यात करू नका. पोरांना दादासारखं होऊ शकतं."

"माझ्या भावाचं दार बंद करायला आलास व्हय रं?" आई म्हणाली. मी परत निघेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

दादाने मात्र माझं ऐकलं आणि मामाला नकार सांगायला स्वतः गेला. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भान्या, उंदरावरनं सोयरीक मोडली, हे गावात कुनाला सांगू नगंस. लई हसतील." मग जिथे आमचं कुठलंच नातं पोचत नव्हतं अशा ठिकाणी, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, राजूरला जाऊन मामानेच दादासाठी मुलगी पाहिली. शोभालाही चांगलं घर मिळालं.

दशक संपत आलं तेव्हा पुन्हा गेलो. दादाची मुलगी चालती-बोलती झाली होती. माझं अपार्टमेंट, नोकरी, मित्र आता सगळं तिकडे आहे आणि मला ते आवडतं. तरी घर म्हटलं की त्या खेपेची, आमच्या ओट्यावरची एक सांज आठवते. दिवेलागण कधी न चुकवणारी आई बटणापाशी उभी होती. घरात काळोख दाटत होता.

"काळं करडू कुठं हाय गं?" तिने नातीला विचारलं.

पोर त्या अंधारात नीट गोठ्यात धावली आणि करडाचा कान धरून उभी राहिली. "ह्ये काय, आजे! रोज काय इचारतीस?"

आईने दिवा लावला.