सात दिवस, वीस अंश

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी काही लिहिलेलं नाही, त्यात विषय बिअरचा. तरी लिहायला बसलो, त्याबद्दल क्षमा असावी.

आमच्या प्रोफेसरांकडे प्रयोगशाळेत मदतनिसाची एक जागा होती. अट अशी, की बिअर आंबवायचं भांडं स्वतः बनवायचं आणि महिनाभरात कधीही, सलग सात दिवस ते वीस अंशांवर ठेवून दाखवायचं. मला ती जागा हवीच होती. पुढच्या संशोधनाची वाट तिथूनच जात होती.

इथे परदेशात, बेडोक नावाच्या उपनगरात, एका मराठी कुटुंबाकडे मी खोली घेऊन राहतो; काका, काकू आणि त्यांची मुलगी. झाकणाच्या बादलीला भोक पाडून नळी बसवली, गॅस निघावा म्हणून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. बादली एका जुन्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवली आणि फ्रिज वॉशिंग मशीनशेजारी. तापमान नोंदवणारं यंत्र बॅटरीवर चालायचं.

"दारू गाळणारा मुलगा ठेवलाय, असं सांगू का लोकांना?" काकूंनी विचारलं.

"सांग की," काका म्हणाले. "पाहुणे वाढतील."

पहिल्या आठवड्यात पाच दिवस वीस, सहाव्या दिवशी अठ्ठावीस. मी फ्रिजचं तापमान सांभाळणारा सेन्सर बदलला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. मी वायरी सोडवून परत जोडल्या, फ्रिजच्या दाराचं रबर बदललं, हाताला चटके बसले. तिसऱ्या रविवारी घरीच थांबलो तेव्हा दिसलं. ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरायला निघताना, चपला घालण्याआधी, काकू घरभर जाऊन भिंतीवरचं एकेक बटण बंद करत होत्या. माझ्या फ्रिजचंही; परत आल्यावर त्याच सगळी लावत, म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. आमची आईसुद्धा गावाला निघताना असंच करते. सात दिवस म्हटले की शनिवार-रविवार आलेच, आणि सुटीत हे लोक बाहेर जाणारच.

ज्यांच्या घरी दोन वेळचं जेवतो, त्यांना कसं सांगायचं? ठरवलं, त्या गेल्या की बटण लावायचं.

शेवटच्या आठवड्यात शनिवारी काकू म्हणाल्या, "तूही चल रे. बिशान भागातल्या ओळखीच्यांनी जेवायला बोलावलंय, तुझंही नाव सांगितलंय."

मला नाही म्हणता आलं नाही. दारात बूट घालत असताना त्यांनी बटण बंद केलेलं मी पाहिलं.

"काय विसरलास?" त्यांच्या मुलीने विचारलं. "जा ना, घेऊन ये. वी कॅन वेट लाह," ती इथल्या ढंगातल्या इंग्रजीत म्हणाली.

"काही नाही," मी म्हणालो.

बिशानला श्रीखंड होतं. मी दोनदा घेतलं, चव कळली नाही. परत आलो तेव्हा यंत्रावर अठ्ठावीस होते. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

नोंद होती तशीच प्रोफेसरांना पाठवली, कारणही लिहिलं. त्यानंतर रोज दहादा मेल उघडून पाहायचो. तेराव्या दिवशी एमआरटी ट्रेनमध्ये असताना उत्तर आलं: कारण वाचलं, पण सलग सात दिवसांची नोंद नाही, त्यामुळे जागा दुसऱ्या विद्यार्थिनीला दिली आहे.